डिझेलच्या बिया: रोप लावण्याआधीचा हिशेब

आजचा विषय आहे बायोडिझेलच्या बियांचा. कोणत्या झाडांचे बी त्यासाठी चालते, ते कधी गोळा करायचे, कसे वाळवायचे, कुठे ठेवायचे आणि शेवटी आपल्या पदरात काय पडते, हे आज आम्ही सांगणार आहोत.

"पडीक जमिनीत रोपे लावा, पाणी नको, खत नको, तिसऱ्या वर्षापासून पैसा," असे बोलणे या झाडांबद्दल महाराष्ट्रात कित्येक वर्षे ऐकू येते. ऐकायला ते गोड लागते. पण आपल्यापैकी बहुतेकींकडे जमीन म्हणजे भाताची थोडी खाचरे आणि नाचणी, वरई, खुरासणीपुरती वरकस. तीही अडकली तर वर्षभर खायचे काय? म्हणून जमीन किंवा गटाची बचत यात घालण्याआधी पूर्ण हिशेब समजून घेऊ.

बायोडिझेल म्हणजे काय?

कोणतेही तेल हे जळते. पण बियांचे तेल डिझेलपेक्षा बरेच घट्ट असते. ते तसेच इंजिनात घातले तर काही दिवस चालते, मग आत काजळी धरते आणि तेल फवारणारे बारीक छिद्र तुंबते. म्हणून कारखान्यात ते तेल पातळ करतात. साधारण ६० अंशांपर्यंत गरम केलेल्या तेलात मिथेनॉल नावाचा स्पिरिटसारखा द्रव आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून ढवळतात. काही वेळाने खाली ग्लिसरीन बसते आणि वर पातळ तेल राहते. ते धुऊन, पाणी काढून टाकले की झाले बायोडिझेल. १०० किलो तेलाला १० ते ११ किलो मिथेनॉल प्रत्यक्ष खर्ची पडते आणि जवळजवळ १०० किलो बायोडिझेल निघते.

हे काम घरी किंवा गटाच्या शेडमध्ये करायचे नाही. मिथेनॉल म्हणजे जहाल विष. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, त्या दारूत मिथेनॉलच होते. ते चटकन पेटते आणि पेटल्यावर दिवसा त्याची ज्योत नीट दिसतही नाही. आपले काम बी गोळा करणे, वाळवणे, साठवणे आणि फार तर तेल काढणे, इथपर्यंतच.

तीन झाडे, तीन तऱ्हा

आपल्या भागात या कामाची तीन झाडे आहेत.

पहिला करंज. ओढ्याच्या काठाने, रस्त्याच्या कडेने, बांधावर तो आहेच. त्याच्या बीमध्ये १०० किलोमागे ३० किलोच्या आसपास तेल असते. तेल कडू, खाण्याचे नाही. दिव्याला, खरजेला लावायला आपल्या आज्या ते वापरत. साबणाचे कारखानेही ते घेतात. पेंड उत्तम खत आहे आणि वाळवीला आळा घालते.

दुसरा मोह. त्याच्या दोड्यांची आपण भाजी करतो आणि आतल्या बिया म्हणजे मोहट्या. मोहट्यांचे तेल पूर्वीपासून आदिवासी घरांतले खाण्याचे तेल आहे. तेही डिझेलला चालते, म्हणून त्याचे नाव या यादीत येते.

तिसरा मोगली एरंड. कोणी चंद्रज्योत म्हणते, कोणी वनएरंड. सरकारी कागदांत त्याला जट्रोफा म्हणतात. शेळ्यागुरे त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून आपण त्याचे कुंपण करतो. डिझेलच्या नावाने सगळ्यात जास्त गाजावाजा झाला तो याचा.

मोगली एरंडाचे काय झाले?

३१ डिसेंबर २००२ ला दिल्ली-अमृतसर शताब्दी गाडी डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळून चालवून पाहिली गेली. २००३ साली केंद्राच्या नियोजन आयोगाच्या समितीने अहवाल दिला की देशभर एक कोटी हेक्टरांहून जास्त जमिनीवर मोगली एरंड लावावा आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळावे. हेक्टरी २५०० झाडे आणि झाडामागे दीड किलो बी, असा तो हिशेब होता.

प्रत्यक्षात पडीक, मुरमाड जमिनीवर, पाण्याशिवाय तेवढे बी लागले नाही. झाड जगते हे खरे. पण जगणे वेगळे आणि लगडणे वेगळे. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात तर त्याआधीच, १९८० नंतरच्या दशकात, विनायकदादा पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी मोगली एरंड लावला होता. तिथेही अपेक्षेइतके उत्पन्न आले नाही आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी झाडे काढून टाकली.

दुसरी अडचण भावाची. २००५ साली केंद्र सरकारने बायोडिझेल लिटरला २५ रुपयांनी विकत घेण्याचे धोरण जाहीर केले. पण बी, गोळा करण्याची मजुरी, तेल काढणे आणि कारखाना यांचा खर्चच त्याच्या वर जात होता. मग कारखानदार बियांना भाव कुठून देणार? आणि भाव नसेल तर बाई उन्हात उभी राहून बोंडे कशाला तोडणार?

तिसरी अडचण वेचणीची. मोगली एरंडाची बोंडे एकदम पिकत नाहीत. एकाच फांदीवर हिरवे, पिवळे आणि काळे बोंड असते. त्यामुळे एकाच झाडाशी आठवडाआठवड्याने पुन्हा जावे लागते. कागदावर एकरी किलो लिहिणाऱ्याने ही मजुरी धरलेली नसते, कारण ती बहुतेक बायकांची असते.

पुढे सरकारनेही उद्दिष्ट खाली आणले. २०१८ च्या धोरणात २०३० पर्यंत ५ टक्के, असे ठरले. आजही देशात १०० लिटर डिझेलमागे एक लिटरसुद्धा बायोडिझेल मिसळले जात नाही. आणि जे बनते ते बहुतेक हॉटेलांतल्या वापरलेल्या तेलापासून, पामतेलाच्या उरलेल्या भागापासून, चरबीपासून.

मैत्रिणींनो, याचा अर्थ तंत्र खोटे आहे असा नाही. २७ ऑगस्ट २०१८ ला डेहराडूनहून दिल्लीला एक विमान याच बियांच्या तेलापासून केलेले इंधन मिसळून उडाले, आणि ते बी छत्तीसगडच्या शेतकऱ्यांचे होते. तंत्र खरे आहे. कच्ची आहे ती बाजू आपल्या पदरात काय पडते याची.

हिशेब करून पाहू

करंजाचेच घेऊ. २०२० साली केंद्र सरकारने गौण वनउपजाचे किमान आधारभूत भाव वाढवले. त्यात करंज बी किलोला २२ रुपये आणि मोहाचे बी किलोला २९ रुपये असे भाव ठरले.

१०० किलो सुके करंज बी म्हणजे २२०० रुपये. गिरणीत त्यातून साधारण २५ किलो तेल निघते, बाकी पेंड. त्या तेलाचे बायोडिझेल होईल २५-२६ लिटर. म्हणजे एका लिटरमागे नुसत्या बियांचेच ८५ रुपयांच्या आसपास झाले. त्यात गिरणी, मिथेनॉल, सोडा, वाहतूक, मजुरी मिळवा. पेंडीचे पैसे वजा करा. आता पंपावरचा डिझेलचा भाव शेजारी मांडा. कारखानदाराला उरते फार थोडे, म्हणून तो बियांचा भाव पाडायला बघतो. हा हिशेब आपल्याला येत असला की समोरचा माणूस किती खरे बोलतोय ते लगेच कळते.

आता मोहट्यांचा हिशेब. वाळलेल्या १० किलो मोहट्यांपासून साधारण ३ किलो तेल निघते. २९ रुपयांनी १० किलोचे २९० रुपये, म्हणजे किलोभर तेलाला ९७ रुपये आणि वर गिरणीचा खर्च. दुकानातून आपण पिशवीतले तेल काय भावाने आणतो? ते ताडून पाहा. मोहट्यांचे तेल इंजिनात घालण्यापेक्षा आपल्या कढईत गेलेले बरे. घरापुरते ठेवून उरले तरच विकावे.

म्हणून आमचे म्हणणे असे: डिझेलसाठी नवीन लागवड करायची घाई नको. जी झाडे आज उभी आहेत त्यांचे बी वाया जाऊ देऊ नका. त्यात जमीन अडकत नाही, कर्ज होत नाही आणि भाव पडला तर नुकसान फक्त दोन दिवसांच्या कष्टांचे.

बी कधी आणि कसे गोळा करायचे?

करंजाच्या शेंगा माघापासून वैशाखापर्यंत तयार होतात. शेंग हिरवी असताना पाडू नका, आत तेल पुरते भरलेले नसते. पिवळसर तपकिरी झाली की काठीने झाडून खाली पसरलेल्या ताडपत्रीवर घ्या. फांद्या तोडू नका, पुढच्या वर्षीचा बहर जातो. शेंगा तीन-चार दिवस उन्हात घाला, मग मोगरीने ठोकून बी वेगळे करा. शेंगेत बहुधा एकच बी असते आणि शेंगेच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास ते भरते. कोणी शेंगांचा भाव सांगितला तर तो बियांच्या भावाच्या निम्म्याने धरा आणि फोडायची मजुरीही मोजा.

ही वेळ आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे वीटभट्टीवर गेलेली असण्याची. त्यामुळे शेंगा ओढ्याला वाहून जातात. गावात राहिलेल्या बायांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी एकत्र येऊन झाडे वाटून घेतली तर हे काम होऊ शकते.

मोहट्यांचे उलटे. त्या तयार होतात ज्येष्ठ-आषाढात, म्हणजे नेमका पाऊस तोंडावर आलेला असतो. पडलेले फळ दुसऱ्या दिवसावर टाकू नका. गर काढा, बी फोडा, आतल्या डाळी सुट्या करा आणि मिळेल त्या उन्हात पातळ पसरा. ऊन नसेल तर वारा लागेल अशा पडवीत किंवा चुलीवरच्या माळ्यावर सुपात पसरून ठेवा आणि दिवसातून दोनदा हलवा. ढीग करून झाकले तर एका रात्रीत आतून गरम होते आणि बुरशी धरते.

वाळवणे म्हणजेच भाव

ओल्या बियांत पाणी आणि तेल एकमेकांशी भांडतात. तेल खवट होते, म्हणजे त्यात आंबट अंश सुटतो. कारखान्यात असे तेल गेले आणि त्यात सोडा पडला की त्याचा साबण होतो, डिझेल होत नाही. ज्या बायांनी गटात साबण केला आहे त्यांना हे लगेच समजेल. १०० भाग तेलात दोन-तीन भागांपेक्षा जास्त आंबट अंश असेल तर कारखान्याचा खर्च वाढतो आणि तो खर्च आपल्या भावातून कापला जातो. खाण्याच्या तेलालाही हेच लागू, खवट तेल घशाला लागते.

बी वाळले की नाही हे दाताने चावून बघू नका. करंज आणि मोगली एरंड खाण्याचे नाहीत. त्याऐवजी वजनाची परीक्षा करा. एका पिशवीत १० किलो बी वेगळे घ्या. दिवसभर ऊन द्या, गार झाल्यावर वजन करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच करा. लागोपाठ दोन दिवस वजन तेवढेच राहिले की बी वाळले. दगडाने ठेचल्यावर चेपले न जाता कटकन फुटले पाहिजे.

ओलाव्याने वजनात किती फरक पडतो तेही लक्षात ठेवा. १०० किलो बियांत १६ टक्के ओलावा असेल आणि तो ८ टक्क्यांवर आणला तर वजन ९१ किलो होते. म्हणून सौदा करताना आधी विचारून घ्या: भाव ओल्या मालाचा की सुक्या मालाचा? ओल्याच्या भावात सुके बी देऊ नका. आणि सुके ठरले असेल तर ओले मिसळू नका, पूर्ण गटाचे नाव जाते.

साठवण

बी गोणपाटाच्या पोत्यात भरा. प्लास्टिकच्या किंवा खताच्या पोत्यात नको, बियांना घाम फुटतो. भरण्याआधी बी सावलीत गार होऊ द्या. जमिनीवर पोते ठेवू नका, फळ्या किंवा बांबूची मांडणी करून वीतभर उंच ठेवा. भिंतीपासून हातभर सोडा, म्हणजे ओल लागणार नाही आणि उंदरांची बिळे दिसतील. चारपेक्षा जास्त पोती एकावर एक चढवू नका. चुलीपासून आणि झोपायच्या जागेपासून लांब ठेवा.

प्रत्येक पोत्याला चिठ्ठी बांधा. त्यावर कोणते बी, कोणाचे, कोणत्या तारखेचे, किती किलो, एवढे लिहा. पैसे वाटताना याच चिठ्ठ्या कामी येतात.

आपल्याकडचा पाऊस मोठा. चांगले वाळलेले बीसुद्धा आषाढ-श्रावणात हवेतली ओल ओढून घेते. म्हणून करंज शक्यतो मृगाच्या आत विकून मोकळे व्हा किंवा तेल काढून घ्या. मोहट्या ठेवायच्याच असतील तर उघडीप मिळाली की पोते सोडून ऊन द्या.

गिरणीत एक काळजी घ्या. खाण्याच्या मोहट्या आधी गाळा, करंज नंतर. करंज गाळलेल्या घाण्यात साफ केल्याशिवाय खाण्याचे तेल काढू नका.

विषाची गोष्ट

मोगली एरंडाचे बी चवीला शेंगदाण्यासारखे लागते, म्हणून मुले ते फोडून खातात. मग पोटात मुरडा, उलट्या, जुलाब आणि घशात आग. अशा बातम्या दरवर्षी कुठून ना कुठून येतात. शाळेच्या आणि अंगणवाडीच्या कुंपणाला हे झाड नको. बी खाल्ल्याचा संशय आला तरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. उरलेले बी सोबत घ्या आणि मुलाला लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, नाहीतर १०८ ला फोन करा.

मोगली एरंडाची आणि मोहाची पेंड गुरांना घालू नका. मोहाच्या पेंडीने मासे मरतात, तेव्हा ती ओढ्यात किंवा तळ्यात धुऊ नका. या बियांची पोती धान्याच्या पोत्यांशेजारी ठेवू नका आणि रिकामी झाली तरी त्यात तांदूळ भरू नका.

बायांनी करून दाखवलेले एक गाव

तेलंगणात, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, पॉवरगुडा नावाचे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. तिथल्या बचत गटांच्या बायांनी २००२ साली करंजाची ४५०० झाडे लावली. त्यांच्याकडे आधीपासून रानात करंज होताच. आदिवासी विकास यंत्रणेकडून त्यांना तेलाची गिरणी मिळाली आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने मार्गदर्शन केले. डिझेलऐवजी करंजाचे तेल जाळले तर हवेत धूर किती कमी जाईल याचा हिशेब मांडून २००३ साली जागतिक बँकेने त्यांना ६४५ डॉलर दिले, त्या वेळचे तीस हजार रुपयांच्या आसपास.

यात शिकण्यासारखे काय? एक, बी रानात आधीच होते. दोन, गिरणी बायांच्या हातात होती, म्हणून तेल आणि पेंड दोन्हींचे पैसे गावात राहिले. तीन, सरकारी यंत्रणा आणि संस्था पाठीशी होत्या. नुसती रोपे वाटून कोणी निघून गेले नव्हते.

आपल्याकडेही एकत्र विकण्याची वाट आहे. शहापूरच्या वनधन केंद्रातल्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना विकली, हे तुम्हाला माहीत असेल. वनहक्क कायदा २००६ नुसार गौण वनउपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क आपला आहे. आधारभूत भावाने यंदा कुठे खरेदी आहे, हे गोळा करायला निघण्याआधी शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आणि आदिवासी विकास महामंडळाकडे विचारा.

लावायचेच असेल तर

लावायचेच असेल तर करंज लावा, आणि तो बांधावर, ओढ्याकाठी, घळीत. नाचणी-वरईच्या वरकस जमिनीत नको. ताजे बी पावसाच्या सुरुवातीला पिशवीत लावले तर दोन-तीन आठवड्यांत उगवते. पुढच्या पावसाळ्यात दीड फुटाच्या खड्ड्यात, १६ फुटांवर एक असे लावा. बी लागायला पाच ते सात वर्षे जातात. तोवर सावली मिळेल, बांध धरून राहील आणि मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळेल. डिझेलला भाव आला नाही तरी झाड फुकट गेले असे होणार नाही.

आणि कोणी रोपे विकायला किंवा करार करायला आला तर गटाच्या बैठकीत त्याला पाच प्रश्न विचारा. बी कोण घेणार, कुठे घेणार? किमान भाव किती, तो कागदावर आहे का? वाहतूक कोणाची? झाडे मेली किंवा बी कमी लागले तर नुकसान कोणाचे? करार किती वर्षांचा आणि मधेच सोडता येतो का? उत्तरे लेखी मिळेपर्यंत अंगठा नाही, सही नाही, पैसे नाहीत.

येत्या बैठकीसाठी एक काम सांगतो. आपल्या पाड्याच्या हद्दीत करंजाची आणि मोहाची झाडे किती, ती मोजून वहीत लिहा. हंगाम आला की एका बाईने एका दिवसात किती किलो सुके बी होईल एवढे गोळा केले, तेही लिहा आणि रोजगार हमीच्या मजुरीशी ताडून पाहा. हे दोन आकडे हातात असले की करायचे की नाही, ते तुमचा गटच ठरवू शकेल.

तुमचे आकडे आम्हाला कळवा, पुढच्या एखाद्या भागात ते सगळ्यांना ऐकवू.